धुणं आमच्याकडं, पोहणं मुलांकडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तरुण मुलामुलींसाठी जे लेख येतात ते मी मन लावून वाचते. भीती सोडा, धोका पत्करा, चाकोरीबाहेर पडा, असं त्यांत सांगितलेलं असतं. सांगणं खरं आहे. पण भीती सोडायची कशी, कुणाच्या आधारानं, पहिलं पाऊल कुठं टाकायचं, हे त्यांत येत नाही. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच अंकाच्या आतल्या पानावर बातमी असते: धुणं धुवायला गेलेल्या मायलेकी बुडाल्या, शेततळ्यात पाय घसरून भावंडांचा मृत्यू. या दोन पानांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

मी वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पन्नाशी ओलांडल्यावर पोहायला शिकले.

माझं माहेरही नदीकाठचंच. मे महिन्यात वडील माझ्या भावांना मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगिऱ्याचा बिंडा बांधायचे आणि काठावरून ढकलून द्यायचे. पोरं गटांगळ्या खायची, रडायची, वडील वरून ओरडायचे, "पाय मार, पाय!" थोड्या दिवसांत बिंडा सुटायचा आणि तीच पोरं धावेवरून मुटके मारायला लागायची. त्या वेळी आम्ही बहिणी त्याच विहिरीत सगळ्यात खालच्या, शेवाळलेल्या पायरीवर धुणं धुवत असायचो. दिवाळीच्या आधी नदीवर वाकळा धुवायला जायचं कामही बायकांचंच. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही. ती धारेला लागली की ओढत नेते, आणि घरची वाकळ हातातून सोडायची बाईची तयारी नसते. म्हणजे पाण्याशी रोजची गाठ आमची, आणि पोहायला शिकवलं भावांना. मुलीचे कपडे अंगाला चिकटतील, लोक बघतील, एवढ्या कारणावर तो विषय संपायचा. आई म्हणायची, "पाण्यात उतरायचं नाही." आणि दुपारी बादली हातात देऊन विहिरीवर धाडायची. तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या जवळ आम्हाला द्यायला भीतीच तेवढी होती, आणि ती तिनं मायेपोटीच दिली.

अशी लहानपणी दिलेली भीती मोठेपणी काय करते ते मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये बघितलं. त्या वर्षी कृष्णा कशी चढली ते आपल्या वाचकांना सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. ब्रह्मनाळ गावातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली तीही त्याच पुरात. आमच्या वस्तीवरच्या लोकांना बोटीनं बाहेर काढलं. बोटीत माझ्याच अंगणवाडीत नोंद असलेली एक बाळंतीण होती. चढताना तिचं बाळ कुणीतरी माझ्या मांडीवर दिलं. मी एका हातानं बोटीची कड इतकी गच्च आवळून धरली होती की दुसऱ्या हातानं बाळ सावरता येईना. बोट हलली की माझा श्वास अडकायचा आणि हात आणखी आवळायचे. शेवटी तिच्या सासूनं बाळ माझ्याकडून काढून घेतलं. सगळं आयुष्य लेकरं सांभाळण्यात गेलेल्या बाईचा हात, ऐन वेळेला लेकरासाठी रिकामा झाला नाही. भीतीनं जीव जातो हे आपण जाणतो; ती जिवंत माणसाला निकामी करते, हे त्या दिवशी कळलं.

पुढं कोरोनाची वर्षं गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, म्हटलं, मला पोहायला शिकवा. वन्सं साठीच्या पुढच्या. लहानपणी म्हशी घेऊन नदीवर जायच्या, म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकल्या, नऊवारीचा काष्टा मारून पैलतीरी जाऊन यायच्या. लग्नानंतर पाण्यात उतरल्या नव्हत्या. मी विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, वयाचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गडीमाणसं मोटर चालू करायला येतात त्याच्या आधी जायचं. आणि मी सांगीन तेवढंच करायचं, जास्त नाही."

आमची विहीर पायऱ्यांची आहे. पाणी हिरवं, खाली काळं दिसतं. कडेच्या कपारीतून एखादा विरोळा, पाण्यातला साप, डोकं काढतो. मी सलवार कमीज घालून गेले, ओढणी घरी ठेवली. वन्संनी माझ्या कमरेला बैलाचा कासरा बांधला, त्याचं दुसरं टोक वरच्या कड्याला अडकवलं आणि मधला भाग स्वतःच्या हातात धरला. पाठीला गोड्या तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावून. आणि मग त्यांनी मला पाण्यात ढकललं नाही. खालच्या पायरीवर बसवलं. पाणी गळ्यापर्यंत. म्हणाल्या, तोंड पाण्यात घाल आणि फुंकर मार. बुडबुडे काढ. बरेच दिवस आम्ही एवढंच केलं. बाहेर तोंडानं श्वास घ्यायचा, पाण्यात सोडायचा. नाकात पाणी जायचं, कपाळ झणझणायचं, ठसका लागायचा. वन्सं थांबायच्या. घाई त्यांनी एकदाही केली नाही.

त्यानंतर उताणं पडायचं. त्यांचा तळवा माझ्या पाठीखाली, मणक्याच्या मधोमध. "कान पाण्यात जाऊ दे. हनुवटी वर. छाती फुगव." कान पाण्यात गेले की सगळे आवाज लांब जातात, स्वतःचं काळीज तेवढं ऐकू येतं. मी घाबरून मान उचलायची आणि मान उचलली की पाय खाली जायचे, पाय खाली गेले की सगळी खाली. वन्संनी ते मला नीट समजावलं: मान जेवढी पाण्याच्या बाहेर काढशील तेवढी तू खाली जाशील, छातीत हवा धरलीस तर तूच कॅन आहेस. हे शास्त्रात बसतं. फुप्फुसं भरलेली असली की आपलं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. जेमतेम तोंड वर राहील इतकं हलकं, जास्त नाही. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो: हात वर करतो, मान ताणतो, श्वास सोडून बसतो.

एक दिवस वन्संनी एक कॅन सोडला. मग काही दिवसांनी दुसराही. गाठ सुटल्याचं मला पाठीवर जाणवलं. कॅन बाजूला तरंगत गेला तो मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितला. घसा आवळला. बोटीत आवळला होता तसाच. पण या वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. फुंकर. लांब फुंकर, मग छाती भरून श्वास. पाठीखालचा हात कधी गेला ते कळलं नाही, कमरेचा कासरा मात्र ढिला होता, त्याच्यावर ओझं नव्हतं. आकाशाचा गोल तुकडा वर दिसत होता आणि मी पाण्यावर होते. वन्सं पायरीवरून म्हणाल्या, "आता पाय मार."

भीती गेली का, असं मला बायका विचारतात. नाही गेली. अजूनही पाण्यात पाय घालताना पोटात गोळा येतो. फरक एवढाच की भीती आली तर काय करायचं हे आता अंगाला ठाऊक आहे. म्हणून मला पुरवणीतल्या लेखांना विनंती करायची आहे: भीती मारून टाका असं मुलांना सांगू नका. भीती माझ्या कामाची आहे. ती मला सांगते की कासरा बांध, एकटी उतरू नकोस, पुराच्या पाण्याला हात लावू नकोस. आमच्याकडं पूर आला की काही पोरं पुलावरून उड्या मारतात, बाकीची मोबाइलवर व्हिडिओ काढतात. त्यांचं सगळे कौतुक करतात. त्यांत पट्टीचे पोहणारे असतात हे खरं, पण पुराच्या पाण्याखाली काय वाहत चाललंय, कुठलं झाड, कुठला पत्रा, कुठली तार, हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दिसत नाही. ज्या धोक्यातून आपण काही शिकत नाही, फक्त वाचतो किंवा मरतो, तो धोका घेण्यात कसली वाढ होते ते मला समजत नाही. टाळ्या वाजवणारे बघे असण्यापेक्षा, दोर धरणारा एक माणूस वर असला पाहिजे. वन्सं नसत्या तर मी जन्मात शिकले नसते. धाडस माझं होतं तेवढंच त्यांचंही होतं. माझा जीव त्यांच्या हातातल्या दोरावर होता, आणि काही झालं असतं तर गावानं त्यांनाच बोल लावला असता.

आमच्या तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांचं उदाहरण भाषणांत नेहमी देतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८ ला पद्मश्री मिळाली. अभिमान वाटतोच. पण भाषणं करणारे पदकावर थांबतात. मला त्यातली आधीची गोष्ट मोठी वाटते: सैन्यात बॉक्सिंग करणारा हा गडी जखमी झाल्यावर पाण्यात उतरला तो पदकासाठी नव्हे, उपचाराचा भाग म्हणून. ज्या शरीराला जमिनीवर चालता येत नव्हतं ते पाण्यात हलवून बघायचं, एवढंच पहिलं काम होतं. ती पहिल्या दिवसांतली धडपड आपण पोरांना सांगितली तर त्यांना आपलं पहिलं पाऊल सापडेल.

पोहायला आल्यावर माझ्यात काय बदललं, तेही सांगते, कारण आपल्या लेखांत व्यक्तिमत्त्व घडवण्याविषयी पुष्कळ लिहिलेलं असतं. आमच्या अंगणवाडीच्या मागं एक जुनी पडकी विहीर आहे. कठडा ढासळलेला, कडेला घाणेरी माजलेली. तिच्यावर जाळी बसवा असे अर्ज मी वर्षानुवर्षं देत आले. अर्ज घेतले जायचे, पोच मिळायची, पुढं काही नाही. ग्रामसभेत उभं राहून बोलावं असं खूपदा मनात यायचं. पण समोर गावातली कर्ती माणसं, दीर, चुलत सासरे, आणि मी मागच्या रांगेत पदर सावरत. बोलायला उठावं म्हटलं की घसा आवळायचा. पोहायला शिकल्यानंतरच्या ग्रामसभेत घसा आवळला तेव्हा मी ओळखलं, ही तीच भीती आहे. बसल्या जागी हळू, लांब श्वास सोडला आणि उठले. आवाज कापत होता. पटावरच्या मुलांची संख्या सांगितली, विहिरीपासून दाराचं अंतर सांगितलं, पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते सांगितलं. कुणीतरी मध्येच म्हणालं, मुलांवर लक्ष ठेवायला तुम्हाला मानधन मिळतंय की. मी खाली बसले नाही. म्हटलं, एक सेविका, एक मदतनीस, सकाळी खाऊ शिजवताना आमची पाठ विहिरीकडं असते, तेवढा वेळ तुमच्यातलं कोण येऊन उभं राहणार ते सांगा. जाळी बसली. लगेच नाही, पण बसली.

हे घडल्यावर मी या विषयाचं मिळेल ते वाचायला लागले. कॉलेजातली भाची मोबाइलवर शोधून देते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळपास निम्मी २९ वर्षांच्या आतली, आणि पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली बाळं. ती बाळं माझ्या पटावरच्या वयाची. बांगलादेशात घरोघरी तळी आहेत, तिथं हे दुःख फार मोठं होतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. आया कामात असतात त्या सकाळच्या वेळी लहानग्यांना सांभाळणारी केंद्रं गावोगावी चालवली, आपल्या अंगणवाडीसारखीच. आणि सहा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव उभारून, खाली बांबूंचाच तळ करून, पोहणं शिकवायला सुरुवात केली. पंचवीस मीटर पोहता यावं, अर्धा मिनिट तरंगता यावं आणि दुसऱ्याला काठावरून मदत करता यावी, एवढंच त्यांचं मागणं. मुलीही शिकतात. ना मोठा तलाव, ना निळ्या फरश्या. बांबू आपल्याकडं कमी आहेत का?

आपल्याकडं २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शेततळी वाढली. दुष्काळी भागाला त्यांचा मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अनेक शेततळ्यांत तळाला आणि चारी बाजूंना प्लास्टिकचं अस्तर असतं. ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन वर चढू शकत नाही, हातांना धरायला काही नसतं. चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवला, एखादी हवा भरलेली ट्यूब तरंगत ठेवली, तर चढून येता येईल. एका तळ्याला याचा खर्च तो किती येणार? तळं करून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं अस्तराबरोबरच दोर आणावा, आणि तळ्याची पाहणी करणाऱ्यांनी दोर बघूनच पुढं जावं.

आणखी एक गोष्ट आपल्या बातम्यांखाली चौकट करून छापावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, ओरडायला कुठून असणार? तोंड पाण्याखाली जातं, वर येतं, हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं पोर खेळतंय. मग उशिरा कळल्यावर बहीण उडी घेते, आई उडी घेते, आणि एकाच घरातली तीन माणसं जातात. पोहता येत नसेल तर उडी घेऊ नये. साडी सोडावी. साडी पाच-साडेपाच मीटर लांब असते, एका टोकाला गाठ मारून फेकली तर विहिरीत, तळ्यात पोचते. काठावर उभं राहून ओढू नये, पालथं झोपून ओढावं, नाहीतर तोल जातो. रिकामा झाकणबंद कॅन फेकावा. पाच लिटरचा कॅन पाण्यावर पाचेक किलो भार पेलतो, तोंड वर ठेवायला तेवढा आधार खूप असतो. मी आमच्या माता बैठकीत लसीकरण, वजन-उंची झाल्यावर हे करून दाखवते. अंगणातच, एकीला खाली बसवून दुसरीनं साडी फेकायची. आधी बायका लाजल्या. आता सासवासुना जोडीनं फेकून बघतात.

मागच्या उन्हाळ्यापासून वन्सं आणि मी आमच्या विहिरीवर मुलींना आणि बायकांना शिकवतो. गावात नाराजी होती, काहींची अजून आहे. एका घरातून निरोप आला की आमच्या सुनेला असलं काही शिकवू नका. ती सून येत नाही, पण तिची दहा वर्षांची मुलगी येते, आणि तिला आजीच सोडायला येते. एका वेळी दोघीच पाण्यात, प्रत्येकीच्या कमरेला दोर, दोर धरायला वर दोघी. ज्या दिवशी वर दोघी नसतील त्या दिवशी पाण्यात कुणी उतरत नाही. हा नियम वन्संचा, आणि तो आम्ही मोडलेला नाही.

आपल्या दैनिकाची पोच गावोगाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये, सुट्ट्या लागायच्या आधी, ज्या ज्या गावांत बायका पोहायला शिकवू शकतात त्यांनी पुढं यावं असं आवाहन आपण छापावं. अशा वन्सं प्रत्येक नदीकाठच्या गावात एक-दोन तरी आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही. शाळांनी सहलीसारखाच पोहण्याचा आठवडा ठेवावा आणि त्यात मुलींची नावं आधी घ्यावीत.

आमच्याकडं यायचं असेल तर येणाऱ्या बाईनं सलवार कमीज घालून यावं, ओढणी आणि बांगड्या घरी ठेवाव्यात, आणि पाच लिटरचे दोन रिकामे कॅन आणावेत. कॅन आदल्या दिवशी बादलीत दाबून बघावेत; बुडबुडे आले तर ते झाकण गळतंय, दुसरा आणावा. दोर आमच्याकडं आहेत.

आपली,
एक नियमित वाचक, अंगणवाडी सेविका
ता. वाळवा, जि. सांगली